चांदीचा फोटो आणि काजळीचा फोटो

मंडळी, आमच्या शाळेच्या कचेरीत १९५८ सालच्या सातवीच्या वर्गाचा एक फोटो आहे. पुढे मांडी घालून बसलेली पोरे, मागे टोप्या घातलेले मास्तर, आणि कडेला ऐन वेळी हलल्यामुळे तोंड पुसट झालेला एक मुलगा. २००३ साली शाळेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा तालुक्याच्या गावी एका दुकानात संगणकाच्या छपाईयंत्रावर आम्ही त्याची नक्कल काढून घेतली. दोन्ही शेजारी शेजारी टांगले. पाच वर्षांत नवा फोटो नारिंगी पडला. जुना होता तसाच काळा. तेव्हापासून गावात जो तो म्हणतो, यंत्राचे काही खरे नाही, जुनं ते सोनं.

हा निवाडा बरोबर आहे काय? मला वाटते, अर्धाच. तो तपासायचा तर थोडे मागे जावे लागेल.

जुना फोटो कशाचा असतो? चांदीचा. कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षाराचे बारीक कण असतात. डार्करूममध्ये मंद तांबड्या दिव्याखाली फोटोग्राफर निगेटिव्हमधून त्या कागदावर उजेड पाडतो. कागद कोराच दिसतो. मग तो औषधाच्या ताटात बुडवला, की मिनिटभरात नाक, डोळे, पागोटे वर येऊ लागते. ज्याने हे एकदा पाहिले तो ते विसरत नाही. उजेड लागला त्या कणांची शुद्ध चांदी होते, आणि इतकी बारीक चांदी डोळ्यांना काळी दिसते. उरलेला क्षार हायपोच्या पाण्यात विरघळवून काढायचा आणि कागद खूप धुवायचा. जाड कागद असेल तर तासभरसुद्धा. या धुण्यातच फोटोचे आयुष्य असते.

हे शहाणपण फुकट मिळालेले नाही. इंग्लंडात टॅलबट याने आपली कागदावरची छायाचित्रे १८३९ साली जगापुढे मांडली. हायपोचा गुण हर्शेल या शास्त्रज्ञाने १८१९ सालीच शोधला होता. तोही १८३९ मध्ये या कामी आला. पण पुढे टॅलबटने फोटो चिकटवून पुस्तक काढले, तर त्यातले कितीतरी फोटो थोड्याच वर्षांत पिवळे पडले. तक्रारी इतक्या वाढल्या की १८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने फोटो का विटतात हे पाहायला एक समितीच नेमली. राणी व्हिक्टोरियाच्या यजमानांनी, प्रिन्स अल्बर्ट यांनी, तिला पन्नास पौंड दिले. समितीला दोन मुख्य चोर सापडले: नीट न धुतल्याने कागदात राहिलेला हायपो, आणि दमट हवेतला गंधकाचा वायू. घरातले चांदीचे पैंजण काळवंडतात ना, तोच हा प्रकार. त्यावर समितीने सोन्याच्या क्षाराचा हात देण्याचा उपाय सुचवला. त्याच सुमारास, १८५४ साली, आपल्या मुंबईतही फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती.

म्हणजे पाहा, आज ज्या जुन्या फोटोचे आपण गोडवे गातो, तोही लहानपणी असाच आजारी होता!

आता यंत्राकडे या. इंकजेट यंत्र चित्र उजेडाने काढीत नाही. शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर फवारते. १९९१ साली कॅलिफोर्नियात ग्रॅहम नॅश या गायकाने अशा यंत्रावर कलेचे फोटो छापण्याचा कारखाना काढला. यंत्राची किंमत सुमारे सव्वा लाख डॉलर. ते होते मोठ्या छपाईआधीचा कच्चा नमुना काढण्यासाठी. जाड कागद आत जावा म्हणून त्याच्या लोकांनी त्याला चक्क करवत लावली. छपाई देखणी झाली, पण शाई पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची. काही वर्षांतच ती उडू लागली. पुढे २००० साली, घरगुती यंत्रांवर छापलेले फोटो काही महिन्यांतच नारिंगी होत असल्याचा बोभाटा झाला. चोर पुन्हा हवेतच होता, या वेळी ओझोन वायू. आमच्या शाळेच्या नकलेचीही हीच गत झाली असावी.

त्यावर उपाय निघाला तो आपल्या आजोबांच्या ओळखीचा: काजळी. पोथ्यांची शाई दिव्याच्या काजळीत डिंक घोटून करीत, म्हणून शतके उलटली तरी अक्षर काळेभोर आहे. काजळी म्हणजे कोळसा. त्याला ना उजेड सहज उडवतो, ना वायू. यंत्राच्या नव्या काळ्या शाईतही तेच कोळशाचे कण असतात. आणखी एक अडचण होती. एकाच काळ्या शाईने फिकट भाग छापला तर ठिपके दिसतात. रंगीत शाया मिसळून करडा रंग केला तर तो दिव्याखाली एक आणि उन्हात दुसराच दिसतो. म्हणून फिकट-गडद अशा अनेक काळ्या शाया आल्या. २००५ सालापासून तीन काळ्या शायांची यंत्रे बाजारात मिळू लागली.

त्याच २००५ साली कोडॅक कंपनीने कृष्णधवल फोटोचा कागद करणे थांबवले, हाही योगच. इंग्लंडात इल्फर्डचा कागद मात्र अजून निघतो.

मग सरस कोण? डार्करूमचा फोटो जिलेटिनच्या आत असतो, म्हणून त्याच्या काळ्यात खोली दिसते. शाई वर बसते; खरखरीत कागदावर तिला नख लागले तरी ओरखडा उठतो. डार्करूममध्ये फोटोग्राफर हाताची सावली धरून एखादा चेहरा उजळ ठेवतो, आभाळ गडद करतो, आणि प्रत्येक प्रत थोडी निराळी होते. अमेरिकेच्या ॲन्सेल ॲडम्सने १९४१ साली टिपलेल्या एका चंद्रोदयाच्या हजारांवर प्रती हाताने काढल्या. वय वाढले तसे त्याचे आभाळ काळे होत गेले. यंत्राची शंभरावी प्रत पहिलीसारखीच. ज्याला जे हवे ते. टिकण्याच्या बाबतीत मात्र मी चांदीला झुकते माप देतो. नीट धुतलेला फोटो शंभर वर्षे टिकल्याचे आपण डोळ्यांनी पाहतो. नव्या शाईचा शंभर वर्षांचा दावा प्रयोगशाळेत प्रखर दिव्याखाली काढलेला अंदाज आहे; तो खोटा नसेल, पण शंभर वर्षे अजून व्हायची आहेत.

गुरुजी, तुमच्या शाळेत असे फोटो असतील तर एक भिंग घ्या. ठिपके दिसले तर शाई. सलग करडे दिसले आणि कडेला तिरप्या उजेडात निळसर चकाकी आली, तर ती वर येऊ लागलेली चांदी. तो फोटो भिंतीवरून उतरवा.

आम्ही तसेच केले. १९५८ चा फोटो कोऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवला. भिंतीवर आता काजळीच्या शाईची, सुती कागदावरची नवी नक्कल आहे. वर्गातले जे हयात आहेत त्यांना बोलावून मागे पेन्सिलीने नावे लिहून घेतली. बत्तीस नावे लागली. पुसट तोंडाचा मुलगा कोण, यावर दोघांचे भांडण झाले. तो आपणच, असे दोघांचेही म्हणणे होते.