मृदू प्रवाळांसाठी परवडणारी प्रकाशयोजना

समुद्री मत्स्यटाकीचा खर्च मांडताना टाकी, मीठ व मासे यांचा हिशेब सारेच करतात. फसगत होते ती दिव्यांच्या बाबतीत. कोणी गरज नसताना महागडा दिवा घेतो, तर कोणी घरातील ट्यूबवर भागवतो आणि काही महिन्यांतच प्रवाळ झुरू लागतात. सार्कोफायटन, सिन्युलारिया, झेनिया यांसारख्या मृदू प्रवाळांना मधला मार्ग पुरेसा ठरतो.

प्रवाळ हा प्राणी असला, तरी त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल वास करते. या शैवालाने प्रकाशाच्या साह्याने तयार केलेल्या अन्नावर प्रवाळाची बरीचशी गुजराण होते. समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या थरातच शोषला जातो, निळा खोलवर पोहोचतो. त्यामुळे ४२० ते ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश या शैवालाला मानवतो. डोळ्यांना दिसणारा लखलखाट येथे फसवा ठरतो. वनस्पती व शैवालाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप ‘पार’ या नावाने ओळखले जाते. मृदू प्रवाळांना साधारणतः ५० ते १५० ‘पार’ पुरते. अनेक कठीण प्रवाळांची भूक याहून कितीतरी मोठी असते.

दोन फुटी टाकीचे उदाहरण घेऊ. १५० वॉटचा मेटल हॅलाइड दिवा रोज आठ तास लावल्यास महिन्याला ३६ युनिट वीज लागते. शिवाय तो पाणी तापवतो. प्रवाळांना २५ ते २७ अंश सेल्सिअस तापमान मानवते. मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी थंड करणारे यंत्र घेण्याची वेळ येते आणि स्वस्ताई तेथेच संपते. २४ वॉटच्या चार टी-५ नळ्यांना सुमारे २३ युनिट लागतात. मात्र त्यांचा प्रकाश क्षीण होत जातो, वर्षभरात त्या बदलाव्या लागतात. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारानुसार अशा नळ्यांचे उत्पादन २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले असल्याने नव्याने त्यांत पैसा गुंतवण्यात शहाणपण नाही.

उरतो एलईडी. ५० वॉटचा दिवा महिन्याला १२ युनिटांत काम भागवतो. घेताना निळ्या व पांढऱ्या दिव्यांचा जोर स्वतंत्रपणे कमी-अधिक करता येतो का, हे आधी पाहावे. ही सोय असलेला साधा दिवा, ती नसलेल्या नामांकित दिव्यापेक्षा उपयुक्त. घरगुती पांढरा एलईडी स्वस्त असला, तरी त्यात निळ्याचा वाटा अपुरा असतो. त्याच्या जोडीला निळी पट्टी लावून काहीजण यशस्वीपणे काम चालवतात.

नवा दिवा पहिल्याच दिवशी पूर्ण जोराने लावू नये. निम्म्या जोरापासून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत तो वाढवावा. प्रवाळ फिकट पडू लागल्यास प्रकाश जास्त होत असण्याची शक्यता असते. देठ लांबवून तो वर ताणू लागला, तर कमी. सार्कोफायटन मात्र अधूनमधून मिटून मेणचट पापुद्रा टाकतो. तो त्याचा स्वभाव आहे, दिवा बदलण्याचे कारण नव्हे. टायमर बसवल्यास वेळ पाळली जाते. आठ-नऊ तासांहून अधिक उजेड नको असलेल्या शेवाळालाच पोसतो.

खाऱ्या पाण्याचे तुषार व वीज यांचे सख्य नाही. अर्थिंग तपासावे आणि वायरला प्लगच्या खाली झोल ठेवावा, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

रंगाने मोहवणारा डेन्ड्रोनेफ्थिया हा मृदू प्रवाळ असूनही त्यात असे शैवाल नसते. त्याला कोणताही दिवा तारत नाही. सतत सूक्ष्म खाद्य न मिळाल्यास तो उपासमारीने मरतो. तो न घेतलेलाच बरा. कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांना तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रातून खडकाचा तुकडा उचलून आणणेही गुन्हा ठरू शकते. दुकानातून मृदू प्रवाळ घेतानाही तो कोठून आला, याची कागदपत्रे मागावीत.