एकदाच उच्चारलेला शब्द : अमेरिकन दूरचित्रवाणीवरील आरंभीचे नाटक

अमेरिकन दूरचित्रवाणीच्या पहिल्या दशकात जो नाट्यप्रकार उदयास आला आणि १९६० च्या सुमारास मावळला, त्याचा इतिहास बहुधा कॅमेरा व प्रक्षेपणतंत्र यांच्या अंगाने सांगितला जातो. ही मांडणी चुकीची नसली तरी अपुरी आहे. या नाटकाचा खरा भार संवादावर होता. त्याचे यश आणि त्याची कोंडी या दोहोंचा उलगडा शब्दाच्या बाजूने अधिक चांगला होतो.

७ मे १९४७ रोजी एन.बी.सी.ने ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ ही नाट्यमाला सुरू केली. १९४८ मध्ये ‘फिल्को टेलिव्हिजन प्लेहाउस’ आणि सी.बी.एस.ची ‘स्टुडिओ वन’ या माला तिला येऊन मिळाल्या. दर आठवड्यास नवे कथानक, नवी पात्रे, आणि न्यूयॉर्कमधील स्टुडिओत प्रयोग चालू असतानाच त्याचे प्रक्षेपण, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप होते. चुकलेले वाक्य मागे घेता येत नसे. वेष बदलावयाचा तो जाहिरात चालू असताना. नेपथ्य दोन-चार खोल्यांचे, पडदा लहान, आणि कॅमेरा चेहऱ्याजवळ नेलेला. युद्धे, पाठलाग, विस्तीर्ण भूप्रदेश हे चित्रपटाचे वैभव तेथे शक्यच नव्हते. रंगभूमीवरील नटास शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवावा लागतो. येथे पुटपुटलेला शब्दही ऐकू जाई. नभोनाट्याप्रमाणे तो थेट श्रोत्याच्या कानाशी येई, आणि शिवाय बोलणाऱ्याची मुद्राही दिसे.

या मर्यादांचेच सामर्थ्य करून दाखविले ते पॅडी चायेफ्स्की या लेखकाने. त्याचे ‘मार्टी’ हे नाटक २४ मे १९५३ रोजी फिल्को मालेत झाले. दिग्दर्शन डेल्बर्ट मान याचे, आणि प्रमुख भूमिकेत रॉड स्टायगर. ब्राँक्समध्ये आईसह राहणारा, लग्नाचे वय उलटत चाललेला, इटालियन वंशाचा एक खाटीक, एवढेच त्याचे भांडवल. मार्टी आणि त्याचा मित्र आज काय करावयाचे असे एकमेकांस पुन्हापुन्हा विचारतात, आणि उत्तर दोघांपाशीही नसते. हा प्रश्न माहिती मागत नाही, सोबत टिकवून धरतो. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये ज्या बोलण्याकडे लक्ष वेधले होते, म्हणजे ज्याचा हेतू काही सांगणे हा नसून केवळ संबंध राखणे हा असतो, ते बोलणे येथे नाटकाचा कणा झाले. संवाद जणू दूरध्वनीच्या तारेवर चोरून ऐकले असावेत असे उतरावेत, ही चायेफ्स्कीची धडपड होती. अर्थात हा आभासच होय. खरोखर टिपून घेतलेले बोलणे याहून कितीतरी तुटक व विस्कळीत असते. चायेफ्स्कीची प्रत्येक पुनरुक्ती मोजून घातलेली आहे. १९५५ मध्ये या नाटकावरून झालेल्या चित्रपटास सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पारितोषिकासह चार ऑस्कर आणि कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

परंतु ज्या शब्दावर नाटक उभे होते, त्याचा धनी लेखक नव्हता. मालांच्या नावांतच चीज आणि रेडिओ-संच यांच्या उत्पादकांची नावे होती, आणि जाहिरातदार संहिता वाचून पाहत. रेजिनल्ड रोझचे ‘थंडर ऑन सिकॅमोर स्ट्रीट’ १९५४ मध्ये ‘स्टुडिओ वन’मध्ये आले. गोऱ्यांच्या वस्तीत राहावयास आलेल्या एका निग्रो कुटुंबास शेजारी हुसकावू पाहतात, असे मूळ कथानक. दक्षिणेतील प्रेक्षक दुखावतील या भीतीने ते नाकारले गेले, आणि नव्या शेजाऱ्यास तुरुंगातून सुटलेला मनुष्य करावे लागले. रोझने ही अट मान्य केली, पण हा मनुष्य कोण, शेजाऱ्यांचा त्याच्यावर रोष का, हे बराच वेळ उघडच केले नाही. नाम गाळले आणि सर्वनाम तेवढे ठेवले, की श्रोता आपल्या मनातील नाम तेथे भरतो. ज्याला जो शेजारी नको होता, तो त्याने त्या रिकाम्या जागी पाहिला. मनाई करणाऱ्यांनीच नाटकाला अधिक धार आणून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

सर्वत्र असे घडले नाही. १६ एप्रिल १९५९ रोजी ‘प्लेहाउस ९०’मध्ये ॲबी मान याचे ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ दाखविण्यात आले. नाझींच्या छळछावण्यांतील संहाराविषयीच्या या नाटकाच्या जाहिरातदारांत अमेरिकन गॅस असोसिएशन होती. गृहिणींच्या चुलीशी निगडित असलेला ‘गॅस’ हा शब्द विषारी वायूच्या कोठड्यांच्या संदर्भात ऐकू येऊ नये म्हणून त्या ठिकाणी ध्वनी बंद करण्यात आला. नटाचे ओठ हलले. शब्द आला नाही. प्रेक्षकांस जे समजावयाचे ते समजलेच, हा भाग निराळा.

जे उच्चारले गेले, त्याचेही पुढे काय झाले? रॉड सर्लिंगचे ‘पॅटर्न्स’ १२ जानेवारी १९५५ रोजी क्राफ्ट मालेत इतके गाजले की पुन्हा दाखविण्याची मागणी झाली. तेव्हा नटसंच पुन्हा जमवून ९ फेब्रुवारीस संपूर्ण प्रयोग नव्याने करावा लागला. पडद्यावरील चित्राचेच चित्रीकरण करून घेतलेल्या, ‘किनेस्कोप’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंधुक फिती निघत असत. पण त्या मुख्यतः तारजोडणीबाहेरच्या केंद्रांसाठी होत्या, आणि सप्टेंबर १९५१ मध्ये दोन्ही किनारे जोडले गेल्यावर त्यांची ती गरजही पुष्कळच कमी झाली. १९५६ मध्ये चुंबकीय चित्रफीत आली. मालिका चित्रपटाप्रमाणे चित्रित करून ठेवणे व पुन्हापुन्हा विकणे अधिक किफायतीचे ठरले, आणि निर्मितीचे केंद्र हॉलिवुडकडे सरकले. क्राफ्ट व ‘स्टुडिओ वन’ या माला १९५८ मध्ये आणि ‘प्लेहाउस ९०’ १९६० मध्ये बंद पडली.

रोझचेच ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ २० सप्टेंबर १९५४ रोजी ‘स्टुडिओ वन’मध्ये झाले. एक बंद खोली, बारा पंच आणि बोलणे, याखेरीज त्यात काही नाही. १९५७ चा सिडनी लुमेटचा चित्रपट सर्वांस परिचित आहे. बासू चटर्जी यांचे १९८६ चे ‘एक रुका हुआ फैसला’ त्याच वंशातले. मूळ प्रयोगाचा मात्र पहिला अर्धा भागच उपलब्ध असल्याचे दीर्घकाळ मानले जात होते. २००३ मध्ये त्याची संपूर्ण किनेस्कोप प्रत हाती आली, आणि जवळजवळ अर्धशतकानंतर त्या बारा जणांचे उरलेले बोलणे ऐकता आले.