पावसाची वही



फाल्गुनी चौमासीच्या प्रतिक्रमणात या वर्षी माझी जीभ एका ठिकाणी अडखळली. सातव्या व्रताच्या पंधरा कर्मादानांतलं ते चौदावं, तळी, डोह, सरोवरं सुकवण्याचं. लग्नाला 22 वर्षं झाली, दर चौमासीला म्हणत आले, पण कधी थांबावंसं वाटलं नव्हतं. त्याच आठवड्यात आमच्या शेतातल्या तिसऱ्या बोअरमधून साडेपाचशे फुटांवर नुसता फुफाटा उडाला होता. दीर चौथ्या बोअरची जागा बघायला पाणाड्याला घेऊन आले होते. शेतात दोन एकर ऊस उभा होता. मी चहा ठेवला, पण मनातलं बोलले नाही.

आपण व्यापारी घरातल्या बायका. शेताचा निर्णय आपल्याला कुणी विचारत नाही, आपणही विचारत नाही. पण तेव्हापासून मी आपल्या जिल्ह्याच्या पावसाचं जरा वाचायला लागले.

आपला नगर जिल्हा (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जीभ ऐकत नाही) एक नाही. पश्चिमेला अकोल्यात घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथलंच पाणी अडवून 1926 मध्ये भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. प्रवरेचे कालवे वाहिले, ऊस आला आणि 1950 मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ती श्रीमंती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण पारनेर, नगर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड हा सारा सह्याद्रीच्या पाठीमागचा भाग. ढग डोंगरापलीकडे रिकामे होतात, आमच्याकडे जेमतेम साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडतो, आणि तोही मनाला येईल तेव्हा.

जुन्या माणसांनी या लहरीपणाभोवतीच शेती मांडली होती. मृग लागला की हलक्या रानात बाजरी, तिच्या ओळींत मटकी, हुलगा, तूर. बाजरी गेली तरी हुलगा हाती लागायचा. भारी काळं रान मात्र पावसाळाभर मोकळं ठेवायचं, कुळवून ओल मुरू द्यायची आणि उत्तरा-हस्ताचा पाऊस झाला की ज्वारी पेरायची. पुढे वरून थेंब पडला नाही तरी मालदांडी त्या मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर निघते. कणीस आपलं, कडबा बैलाचा. आजेसासूबाई ज्वारी निवडताना म्हणायच्या, "ज्या पिकात जनावराचा वाटा नाही, ते पीक अर्धंच." तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटायचं. खरं तर तो हिशेब होता. पाऊस किती, त्यावर कडबा किती, आणि कडब्यावर दावणीला जनावरं किती.

धनगरांचं तर आपल्या साधू-साध्वींसारखंच. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कित्येक वाडे कोकणात उतरतात, खाचरांत मेंढ्या बसवतात, आणि पावसाच्या तोंडावर घाट चढून परत येतात. कोकणातला धो-धो पाऊस मेंढीला मानवत नाही आणि इकडे तेव्हाच माळावर कोवळं गवत असतं. आठ महिने वाट, चार महिने मुक्काम. विहार आणि चातुर्मासाची कारणं वेगळी, पण दोघांचाही काळ पाऊसच ठरवतो.

आता जरा अवघड गोष्ट. आमच्या माळ्यावर लाल कापडाच्या जुन्या वह्या आहेत. सासऱ्यांनी एकदा मला त्यातली दोन पानं वाचून दाखवली. नाव, गाव, दिलेली बाजरी, व्याज, गहाण रान. त्या कर्जांची परतफेड पावसावर टांगलेली होती, आणि पानावर पावसाचा एक शब्द नव्हता. सरकारचंही तेच. इंग्रजांचा सारा रोख भरायचा आणि पीक आलं नाही म्हणून तो आपोआप कमी व्हायचा नाही. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव होता तोवर निभावलं. भाव पडले, सारा वाढला, सावकारांनी हात आखडला आणि मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. लोण आपल्या पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जतपर्यंत पोचलं. मारवाडी आणि गुजर सावकारांच्या वह्या नि कर्जरोखे चौकात आणून जाळले. माणसांना मारहाण फार कमी झाली, राग कागदावर होता. 1879 मध्ये कायदा आला, पण त्याआधीच 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ येऊन गेला होता.

आपल्याकडे हा विषय निघाला की "आपल्या लोकांना लुटलं" एवढंच सांगतात. लुटलं हे खरं. पण त्या वह्यांत काय लिहिलं होतं तेही खरं. पुढे दुष्काळांत आपल्याच समाजाने धान्य वाटलं, पांजरपोळांत जनावरं सांभाळली, त्याचा मला अभिमान आहे. म्हणून काही आधीचं पान फाडता येत नाही.

पावसाचीच वही घालणारं गाव मला नगरपासून 17 किलोमीटरवर सापडलं. हिवरे बाजार तुम्ही ऐकलं असेल, कदाचित सहलीला गेलाही असाल. एके काळी पैलवानांचं गाव. 1972 च्या दुष्काळानंतर घसरत गेलं. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, माणसं कामाला बाहेर, गावात दारू. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गाव आदर्श गाव योजनेत आलं, श्रमदानाने डोंगरावर हजारो चर खोदले, बांध घातले. हे सगळं बऱ्याच गावांनी केलं. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी राळेगणसिद्धीनेही केली होती. पण चर खोदून पाणी वाढलं की पुढच्याच वर्षी कुणीतरी ऊस लावतो आणि सगळं उपसून टाकतो. हिवरे बाजारने ते ओळखलं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असं ग्रामसभेने ठरवलं.

मग 2004 च्या सुमारास पाण्याचा ताळेबंद सुरू झाला. गावात पर्जन्यमापकं आहेत, विहिरींची पातळी मोजतात. पावसाळा सरला, की आपल्या वहीपूजनाच्या आसपासच्या दिवसांत गाव जमा बघतं. गावाचं क्षेत्र साधारण 976 हेक्टर. हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. म्हणजे 300 मिलिमीटर पडला तर गावाच्या अंगावर जवळपास 293 कोटी लिटर पडले. ऐकायला केवढं! पण त्यातलं बरंच उडून जातं, काही मातीत राहतं, काही वाहून जातं. जे उरतं त्यातून पहिला वाटा माणसांच्या पिण्याचा, मग जनावरांचा आणि घरच्या वापराचा. त्यानंतर उरलेल्याचे 70 टक्के शेतीला, 30 टक्के जमिनीतच पुढच्या वर्षासाठी. शेतीचा आकडा कळल्यावर पीक ठरतं. पाऊस बरा झाला तर गहू, कांदा, भाजीपाला. (कांदा चौमाशात आपल्या चुलीवर चढत नसला तरी नगरचा शेतकरी त्यावरच जगतो, हे विसरायला नको.) पाऊस ओढला तर गहू कमी करून हरभरा-ज्वारीकडे वळायचं, उन्हाळी पीक नाहीच.

जनावरांचंही तसंच. मोकळी चराई बंद झाली तेव्हा शेळ्या असलेल्या घरांना ते जड गेलंच असणार. गरिबाची शेळी माळावरच जगते. बदल्यात गावाने डोंगरावरचं गवत राखलं, विळ्याने कापून न्यायला मुभा दिली आणि जनावर दावणीला बांधलं. नव्वदच्या दशकात रोज 150 लिटरच्या आसपास असलेलं दूध पुढे 4 हजार लिटरवर गेलं.

आपण सकाळी उठून नियम धारतो, आज इतकी द्रव्यं, इतकं पाणी. तो एकटीचा नियम असतो. अख्ख्या गावाने मिळून मर्यादा घ्यायची आणि शेजाऱ्याच्या देखत पाळायची, हे मला फार अवघड वाटतं. आमच्या घरात पाच माणसांचं एकमत होत नाही.

तरी वर्षीतपाचं पारणं झाल्यावर मी कागद घेऊन बसले. गुंठ्यावर एक मिलिमीटर म्हणजे साधारण 100 लिटर. उसाला वर्षभरात 1500 ते 2500 मिलिमीटर लागतात, आणि आमच्या रानात वरून पडतात पाचशे. बाकीचं कुठून येतं? आमच्या बोअरमधून, आणि बोअरला ते शेजारच्या वस्तीच्या विहिरीखालून. त्या वस्तीवरच्या वहिनी मे महिन्यात टँकरला उभ्या असतात, त्या आमच्या दुकानाच्या गिऱ्हाईक आहेत. मी कागद सासऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा बेरीज तपासली आणि म्हणाले, "चूक नाही." एवढंच.

चौथं बोअर तूर्त थांबलं आहे. गच्चीवर मी पर्जन्यमापक लावलं आहे. रोज सकाळी साडेआठला बघून दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर आकडा लिहिते. खोडवा ठेवायचा की ऊस मोडून ज्वारी करायची, यावर दीर म्हणतात, दिवाळीनंतर बघू. जाऊबाईंनी परवा हळूच विचारलं, "किती झाला गं?" मी सांगितलं, 112.