पवनारच्या मातीतील सिंहमुद्रा

१/ वर्धा जिल्ह्यात धाम नदीच्या तीरावर वसलेले पवनार म्हणजे वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर, असे वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव व म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले.

२/ अशा ठिकाणी मिळालेले नाणे ओळखावे कसे? प्रथम चिन्ह पाहावे. सोंड उंचावलेला हत्ती व मागे उज्जयिनी चिन्ह असल्यास ते बहुधा सातवाहनांचे. सिंह व मागे कुंभ असल्यास विष्णुकुंडिनांचे. पवनारला विष्णुकुंडिनांची नाणीही मिळाली आहेत.

३/ आंध्रातील राजवंशाचे नाणे विदर्भात कसे? चिक्कुल्ल ताम्रपटात पहिल्या विक्रमेंद्रवर्म्याचा जन्म विष्णुकुंडी व वाकाट या दोन्ही वंशांनी भूषविल्याचा उल्लेख आहे. ताम्रपट सोयरीक सांगतो. नाणे कोणत्या थरात होते, यावरून त्या संबंधाचा काळ उलगडू शकतो.

४/ धातुशोधक यंत्राला धातू कळतो, थर कळत नाही. नाणे उपसले की तो पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणूनच, आणि १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसारही, दहा रुपयांहून अधिक मोलाचा भूमिगत ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे. जागा मात्र खणू नये.