कोरडा हौद, सपाट पडदा

११ जून २००१ या दिवशी निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ हे हातात धरून खेळावयाचे यंत्र उत्तर अमेरिकेच्या बाजारात आणले, तेव्हा त्याच्या जोडीने दुकानांत मांडलेल्या खेळांमध्ये ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर २’ या नावाची, काडेपेटीएवढ्या लांबीरुंदीची एक कार्ट्रिज होती. हाच खेळ आदल्या वर्षी सोनीच्या प्लेस्टेशनवर येऊन गाजलेला असल्यामुळे, व्हिडिओ गेमच्या इतिहासाच्या दफ्तरात या छोट्या आवृत्तीची नोंद बहुधा ‘नक्कल’ याच सदराखाली होत आली आहे, आणि ती नोंद मला अन्यायाची वाटते. भाषांतर आणि रूपांतर यांतील भेद मराठी वाचकाला समजावून सांगण्याचे कारण नाही. ज्याने देवलांचे ‘झुंझारराव’ वाचले आहे त्याला ‘ऑथेल्लो’ची मूळ वाक्ये शोधीत बसण्याची गरज कधी भासली नसेल, कारण संशयाने पोखरला जाणारा तो शूर पुरुष तेथे आपल्या भाषेत नव्याने जन्मलेला असतो. गेम बॉय ॲडव्हान्सवरील हा खेळ त्या जातीचा आहे. मात्र त्याचे मोल ठरवावयाचे तर ज्या स्केटबोर्डच्या क्रीडेचे ते रूपांतर, तिच्या मूळ स्वभावापर्यंत प्रथम जावे लागते; आणि तो स्वभाव कॅलिफोर्नियातील, पाणी आटलेल्या पोहण्याच्या हौदांत घडलेला आहे.

१९५० च्या दशकात, लाटांवर स्वार होणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या तरुणांनी, समुद्र शांत असेल त्या दिवशी हातपाय आखडू नयेत म्हणून, फळीला रोलर स्केटची चाके ठोकून रस्त्यावर उतरण्याचा प्रघात पाडला. प्रारंभीची चाके धातूची, मग मातीच्या मिश्रणाची; वाटेत हरभऱ्याएवढा खडा आला तरी चाक जागच्या जागी अडे आणि स्वार पुढे फेकला जाई. १९७० च्या दशकाच्या आरंभी फ्रँक नॅसवर्दी या तरुणाने रोलर स्केटसाठी तयार होणारी युरेथेनची चाके या फळीला लावून पाहिली आणि ‘कॅडिलॅक व्हील्स’ या नावाने विकावयास काढली, तेव्हापासून फळीला रस्त्याची पकड आली आणि मंदावलेला हा छंद पुन्हा उभा राहिला. त्यानंतर १९७६-७७ मध्ये कॅलिफोर्नियात तीव्र दुष्काळ पडला; पाणी जपून वापरण्याची वेळ आली, बंगल्यांमागील पोहण्याचे हौद कोरडे पडले, आणि सांता मोनिका व व्हेनिस या किनाऱ्यावरील वस्त्यांतील मुले कुंपणे ओलांडून त्या हौदांत उतरली. हौदाचा तळ आणि भिंत यांना सांधणारा जो गोलवा गवंड्याने केवळ बांधकामाच्या सोयीसाठी राखला होता, तो त्या मुलांना लाटेच्या पोटासारखा दिसला.

या दिसण्यात मला सगळ्या क्रीडेचे बीज सापडते. स्केटबोर्ड खेळणाऱ्याने स्वतःसाठी मैदान आखून मागितले नाही. दुसऱ्याने दुसऱ्याच हेतूने बांधलेल्या वास्तूत त्याने आपली वाट शोधली. फ्लोरिडातील ॲलन गेल्फँड याने हात न लावता फळीसह हवेत उठण्याची जी युक्ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस साधली, तिला त्याच्याच टोपणनावावरून ‘ऑली’ म्हणू लागले, आणि पुढे काही वर्षांतच रॉडनी मलन याने ती उतारावरून सपाट जमिनीवर आणली. मागच्या पायाने फळीचे शेपूट जमिनीवर आपटावयाचे आणि त्याच क्षणी पुढचा पाय फळीवरून घासत वर नेऊन तिला हवेत आडवी करावयाची, एवढीच ही क्रिया. पण ती साधताच जिन्याचा कठडा, बाकाची कड, कारंज्याचा काठ असे सारे शहर या मुलांच्या ताब्यात आले. १९९० मध्ये ओरेगनमधील पोर्टलँड शहरात, बर्नसाइड पुलाखालच्या पडीक जागेत स्केटबोर्ड खेळणाऱ्यांनी कोणाचाही परवाना न घेता स्वतः काँक्रीट कालवून उतार बांधावयास घेतले आणि शहराच्या कारभाऱ्यांनी मागाहून त्याला मंजुरी दिली, ही हकीकतही त्याच स्वभावाची.

पडद्यावर ही क्रीडा आणण्याचे प्रयत्न तसे जुने आहेत. अटारी गेम्सचे ‘७२०°’ हे नाणे टाकून खेळावयाचे यंत्र १९८६ चे. हातातल्या गेम बॉयवर कोनामीने ‘स्केट ऑर डाय : बॅड एन् रॅड’ आणले ते १९९० मध्ये. या दुसऱ्या खेळात स्केटबोर्ड हे वाहन आहे. त्यावरून जावयाचे, खड्डे चुकवावयाचे, शत्रू टाळावयाचे, आणि फळीच्या जागी घोडा असता तरी फारसे बिघडले नसते. ती उणीव भरून काढली कॅलिफोर्नियातील नेव्हरसॉफ्ट या कारखान्याने. स्केटबोर्डपटू टोनी हॉकने २७ जून १९९९ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे, अनेक प्रयत्न फसल्यावर, हवेत अडीच गिरक्या घेऊन सुखरूप उतरण्याची ‘नाइन हंड्रेड’ ही करामत प्रथमच साधली, आणि त्याच वर्षी त्याच्या नावाचा नेव्हरसॉफ्टचा पहिला खेळ प्लेस्टेशनवर आला. त्यात बर्नसाइडचा तो पूलही होता. खेळाडूला मुदत दोन मिनिटांची. तेवढ्यात हवेत उडावे, फळी पायाखाली फिरवावी, कठड्यावरून घसरत जावे, आणि एका करामतीतून दुसरीत थेट शिरले तर गुणांची बेरीज होऊन तिला करामतींच्या संख्येने गुणावे. मात्र शेवटी तोल गेला, तर त्या साखळीची सारी कमाई शून्य. २००० सालच्या दुसऱ्या भागात ‘मॅन्युअल’, म्हणजे दोनच चाकांवर तोल सांभाळीत सपाट जमिनीवरून जाणे, आले, आणि दोन कठड्यांमधील रिकामी जमीनदेखील साखळीचा दुवा बनली. लोभ आणि भय यांची अशी समतोल मांडणी मी फार थोड्या खेळांत पाहिली आहे. आणखी एक करामत जोडावी, की आता उतरून जे मिळाले ते पदरात पाडून घ्यावे? हा प्रश्न दोन मिनिटांत वीस वेळा पडतो आणि प्रत्येक वेळी उत्तर देण्यास अर्धा क्षणही मिळत नाही.

हा खेळ खिशात मावेल अशा यंत्रात कसा न्यावा? जुन्या गेम बॉय कलरसाठी नात्सुमे या कंपनीने तो प्रयत्न आधीच केला होता. त्यात करामतींची नावे आणि स्थळांची ओळख टिकली, परंतु गतीचा आणि तोलाचा जो अनुभव हेच या खेळाचे सर्वस्व, तो हाती लागला नाही. नव्या यंत्राची स्थिती बरी असली तरी प्लेस्टेशनशी तिची तुलना नव्हती. २४० बाय १६० ठिपक्यांचा पडदा, सुमारे १६.८ मेगाहर्ट्झने चालणारा प्रोसेसर, ज्याच्या आज्ञावलीत भागाकाराची स्वतंत्र आज्ञासुद्धा नाही. आणि त्रिमितीय आकृतींचे गणित सांभाळण्यासाठी प्लेस्टेशनमध्ये जो वेगळा घटक असतो, त्याचा येथे पूर्ण अभाव. गेम बॉय ॲडव्हान्स हे मुळात सपाट चित्रांचे यंत्र. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटी फरशीसारख्या जोडून पार्श्वभूमी मांडावी आणि तिच्यावर लहान आकृत्या सरकवाव्यात, हेच त्याच्या रचनाकारांचे प्रयोजन होते.

हे काम अंगावर घेतले न्यू यॉर्क राज्यातील ट्रॉय या गावच्या व्हाइकेरियस व्हिजन्सने. कार्तिक बाला आणि गुहा बाला या दोघा भावांनी शाळेत शिकत असतानाच, १९९१ मध्ये, ही संस्था स्थापन केली होती, आणि हातातल्या यंत्रांची तालीम तिला घडली होती. गेम बॉय कलरवरील २००० सालचा ‘स्पायडर-मॅन’ तिचाच. मोठ्या यंत्रावरचे खेळ छोट्या यंत्रावर उतरवून देणे हा त्या काळी कष्टाचा आणि अल्प मानाचा धंदा होता. मुदत तोकडी, मोबदला ठरीव, आणि यश आले तर ते मूळ खेळाच्या खाती जमा व्हावयाचे. अशा धंद्यात काटछाट करून वेळ मारून नेण्याचा मोह मोठा असतो; येथे तो झाला नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्यांनी योजलेली तजवीज अशी. खेळाडूच्या पाठीमागून पाहणारा प्लेस्टेशनचा डोळा त्यांनी सोडून दिला आणि सारे स्थळ वरून, तिरक्या कोनातून दाखविले. आपल्याकडील जुन्या लघुचित्रांत महालाची गच्ची, अंगण आणि दूरची बाग एकाच मापाने मांडलेली असतात, अंतराने काही लहान होत नाही आणि तरीही खोली जाणवते. आयसोमेट्रिक म्हणून ओळखली जाणारी ही मांडणी त्याच कुळातली. असे चित्र एकदा काढले की ते सपाट चौकटींनी भरता येते, आणि ते तर या यंत्राचे जन्मजात कसब. परंतु स्केटबोर्डवरील माणूस मात्र त्यांनी सपाट ठेवला नाही. तो बहुभुजांचा, खरोखर त्रिमितीय केला आणि त्या दुबळ्या प्रोसेसरकडून प्रत्येक क्षणी नव्याने रेखून घेतला. त्यामुळे तो हवेत कोणत्याही कोनात वळला तरी त्याचा देह, फळी आणि चाके यांची परस्पर स्थिती डोळ्यांना पटते. चित्र सपाट असले तरी त्याखालचे गणित सपाट नव्हते. उतार कोठे चढतो, कठडा किती उंचीवर आहे, भिंत कोठे उभी आहे, हे सारे यंत्राला तिन्ही दिशांनी ठाऊक होते. पहिल्याच स्थळी, विमानांच्या हँगरमध्ये, उतारावरून सुटून वर जाताना जे क्षणभर तरंगल्यासारखे होते, त्याची आणि प्लेस्टेशनवरील त्याच क्षणाची लांबी माझ्या बोटांना एकसारखी भासली. चौकटी भरण्यासाठी घडविलेल्या यंत्रात या कारागिरांना उतार दिसला. गवंड्याने जे पाण्यासाठी बांधले त्यात मुलांनी लाट पाहिली होती, त्याच नजरेने.

दोषही सांगितले पाहिजेत. तिरक्या मांडणीमुळे कठड्याची रेषा पडद्यावर कोपऱ्याकडे धावते आणि अंगठ्याखालची दिशा कळ वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी बोलते. या दोन भाषांचा मेळ बसेपर्यंत पहिला तासभर खेळाडू भिंतींवर आदळत राहतो. उंचीचा अंदाज घेण्यास सावलीवाचून आधार नाही. ऑली, फळी फिरविणे, ती हाताने धरणे आणि कठड्यावर घसरणे या चार क्रियांसाठी प्लेस्टेशनवर चार कळा अंगठ्याखाली एकत्र असतात. येथे दोनच अंगठ्याखाली आणि दोन यंत्राच्या खांद्यांवर, म्हणून बोटांना नवी सवय लावावी लागते. मूळ खेळातील पंक आणि हिप-हॉप गाणी कार्ट्रिजमध्ये मावणे शक्य नव्हते, आणि गाण्यांवाचून ती दोन मिनिटे उदास वाटतात हे मी नाकारणार नाही. सर्वांत जाचक दोष यंत्राचाच होता. पडद्यामागे दिवा नव्हता. दोन पेन्सिल सेलवर सुमारे पंधरा तास यंत्र चालावे यासाठी दिलेली ती किंमत. खिडकीशी बसून, यंत्र प्रकाशाकडे कलते धरून खेळावे तेव्हा हँगरचे अंधारे कोपरे दिसावयाचे. २००३ मध्ये ‘गेम बॉय ॲडव्हान्स एसपी’ला समोरून उजेड देणारा दिवा मिळाला, आणि जुन्याच कार्ट्रिजमधील रंग पुष्कळांनी प्रथम तेव्हा नीट पाहिले.

याच पद्धतीने त्याच संस्थेने मालिकेचे पुढले भाग गेम बॉय ॲडव्हान्सवर आणले. त्यांत सुधारणा होत्या, नवा शोध नव्हता. २००५ च्या आरंभी, ही मालिका प्रसिद्ध करणाऱ्या ॲक्टिव्हिजन या कंपनीने व्हाइकेरियस व्हिजन्स विकत घेतली, आणि त्याच वर्षी निन्टेंडो डीएसवर आलेल्या ‘अमेरिकन स्केटलँड’मध्ये तिरकी मांडणी सोडून पूर्ण त्रिमितीय दृश्य आणि वायरलेस जाळ्यावरून दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी सामना या दोन्ही गोष्टी साधल्या. लंडनच्या रोल७ या छोट्या संस्थेने २०१४ मध्ये प्लेस्टेशन व्हिटासाठी केलेल्या ‘ऑलीऑली’ने मात्र उलटी वाट धरली, खोली पूर्णपणे टाकून दिली, बाजूने दिसणारी एकच रेषा ठेवली, आणि जमिनीला चाके टेकण्याच्या नेमक्या क्षणी कळ दाबण्यावर सारा भार टाकला. हातातल्या यंत्राचे बळ कशात आहे हे ओळखण्याची जी दृष्टी २००१ च्या त्या कार्ट्रिजमध्ये होती, तिचा खरा वारसा मला या खेळात दिसतो.

सप्टेंबर २०२० मध्ये पहिले दोन भाग नव्याने घडवून एकत्र प्रसिद्ध झाले, आणि हे काम ज्या संस्थेकडे सोपविले गेले ती व्हाइकेरियस व्हिजन्सच होती. जून २०२१ मध्ये तो खेळ निन्टेंडो स्विच या हाती धरता येणाऱ्या यंत्रावर उतरला; वीस वर्षांपूर्वी त्याच संस्थेने तिरक्या चौकटींनी रंगविलेला हँगर आता उजळ पडद्यावर, चहूबाजूंनी फिरून पाहता येईल असा, पुन्हा तळहातांत आला. त्यानंतर वर्षभरातच संस्थेचे जुने नाव पुसले जाऊन ती ब्लिझार्ड या खेळ बनविणाऱ्या कंपनीत विलीन झाली. नव्या हँगरमध्ये काचांवर प्रकाश पडतो, पत्र्यावर गंज दिसतो, गाणीही परत आली आहेत. मुदत मात्र तीच ठेवली आहे, दोन मिनिटांची.