म्युनिकची मंडई आणि मोहाचा सडवा

जर्मनीतील विद्यापीठांत २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी शिकत होते. तेथील परदेशी विद्यार्थ्यांत हा सर्वांत मोठा गट. त्यांत मराठी मुले पुष्कळ, आणि नागपूरच्या पूर्वेकडची, भंडारा-गोंदियाकडची मुलेही आता असतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धात ही मुले चार मित्र जमवून म्युनिकला जातात. लाकडी बाकांवर अनोळखी लोकांना खेटून बसतात, लिटरभर बिअरचा जाड काचेचा मग दोन्ही हातांनी उचलतात आणि छायाचित्र घरी पाठवतात. घरचे लोकही ते कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवतात. 'ऑक्टोबरफेस्ट' म्हणजे तिकडचा मोठा उत्सव, हे आता गोंदियातही ठाऊक झाले आहे.

त्याच सुमारास गोंदियाच्या स्थानिक वृत्तपत्रांत दुसरे एक छायाचित्र अधूनमधून छापून येते. जंगलाच्या कडेला किंवा नाल्याच्या काठावर पोलीस उभे आहेत, पुढे प्लास्टिकचे ड्रम आडवे पाडलेले आहेत आणि मातीत तपकिरी द्रव पसरला आहे. खाली ओळ असते : मोहफुलांचा सडवा नष्ट. एका छायाचित्राला आपण संस्कृती म्हणतो, दुसऱ्याला गुन्हा. हा फरक पेयाच्या गुणावगुणांतून आला की इतिहासातून, हा या लेखाचा प्रश्न आहे.

कुरणातली शर्यत

ऑक्टोबरफेस्टचा जन्म बिअरसाठी झालेला नाही. बव्हेरियाचा युवराज लुडविग याचा विवाह १२ ऑक्टोबर १८१० रोजी राजकन्या तेरेझा हिच्याशी झाला आणि १७ ऑक्टोबरला म्युनिकच्या वेशीबाहेरच्या कुरणात घोड्यांची शर्यत भरवण्यात आली. सुमारे ४० हजार लोक पाहायला जमले होते. वधूच्या नावावरून त्या कुरणाला 'तेरेझियनवीझे' हे नाव मिळाले. म्युनिककर आजही उत्सवाला नुसते 'वीझन', म्हणजे कुरण, असेच म्हणतात.

या हौसेमागे राजकारण होते. बव्हेरिया हे राज्य म्हणून १८०६ मध्येच उदयाला आले होते आणि नेपोलियनच्या कृपेने त्याला नवे प्रदेश जोडले गेले होते. निरनिराळ्या चालीरीतींच्या प्रजेला 'आपण एका राजाचे' असे वाटायला हवे होते. म्हणून पहिल्याच वर्षी मुलांना प्रांतोप्रांतीच्या पोशाखांत मिरवत आणले गेले. पुढच्या वर्षी, १८११ मध्ये, कृषी प्रदर्शन जोडले गेले. उत्तम घोडे आणि गुरे यांना बक्षिसे मिळू लागली. बिअरच्या टपऱ्या हळूहळू आल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची जागा मद्यनिर्मात्यांच्या भव्य मंडपांनी घेतली. १८५४ आणि १८७३ मध्ये पटकीच्या साथीने उत्सव बंद राहिला, थंडी टाळण्यासाठी तो पुढे सप्टेंबरकडे सरकला, शर्यती १९३८ नंतर थांबल्या. महापौराने पहिल्या पिंपाला तोटी ठोकण्याची आज 'परंपरा' वाटणारी प्रथा तर १९५० ची आहे. २०२३ मध्ये या कुरणात ७२ लाख लोक येऊन गेले.

झाडीपट्टीतल्या माणसाला या वर्णनात काही ओळखीचे वाटेल. दिवाळीत गोवारी गायगोधन करतात आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. हलके धान हाती आलेले असते, भारी धान कापणीला टेकलेले. लेकी-जावई, सोयरे यांना आवतण जाते. दिवसा बाजार, रात्री दंडार किंवा नाटक. कापणीचा हंगाम, पाहुणे, बाजार आणि करमणूक, या चार खांबांवर मंडई उभी आहे आणि वीझनही. फरक असा की एकीच्या मागे राजा, नगरपालिका आणि मद्यनिर्माते उभे राहिले. दुसरी गावाच्या वर्गणीवर चालत राहिली.

मार्चची बिअर, मार्चचा मोह

बिअर आणि बव्हेरियाचे राज्य यांचे नाते मात्र उत्सवापेक्षा तीनशे वर्षांनी जुने आहे. २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे ड्यूक चौथा विल्हेल्म आणि दहावा लुडविग यांनी जो हुकूम काढला, तो 'शुद्धतेचा कायदा' म्हणून जगभर ठाऊक आहे : बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये. पण त्या हुकुमाचा पुष्कळसा भाग भावाविषयी आहे. हिवाळ्यात एका 'मास'ला, म्हणजे साधारण लिटरभर मापाला, एक फेनिग. उन्हाळ्यात फार तर दोन. सरकारने बिअर आपल्या अंकित आणली ती अशी : काय घालायचे आणि किती पैसे घ्यायचे, हे ठरवून. ती गाळण्याचा व्यवसाय स्थानिक लोकांच्याच हाती राहिला. राजघराण्याने गव्हाच्या बिअरची मक्तेदारी स्वतःकडे ठेवून खजिना भरला, हेही खरेच. तेथील राज्यकर्ते काही साधुसंत नव्हते.

१५५३ च्या हुकुमाने उन्हाळ्यात बिअर बनवण्यास मनाई झाली, कारण उष्ण हवेत ती नासत असे आणि भट्ट्यांमुळे आगी लागत. त्यामुळे मार्चमध्ये जरा कडक बिअर बनवून तळघरांत साठवायची आणि ती शरद ऋतूपर्यंत पुरवायची, ही रीत पडली. 'मेर्त्सन', म्हणजे मार्चची बिअर, हे नाव त्यातूनच आले. तळघरांवर सावली राहावी म्हणून चेस्टनटची झाडे लावली गेली, लोक त्यांच्याखाली बसून पिऊ लागले. शहरातल्या खानावळवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा १८१२ मध्ये राजाने तोड काढली : तळघरवाल्यांनी तेथे बिअर विकावी, खायला मात्र पावाशिवाय काही देऊ नये. बिअर-बागेत घरची शिदोरी नेण्याची पद्धत येथून सुरू झाली.

मार्च महिना मोहाचाही. फाल्गुन-चैत्रात रात्रीतून फुले गळतात आणि पहाटे टोपल्या घेऊन बाया-मुले झाडाखाली जातात. पिवळसर, रसाळ फुले अंगणात वाळवून साठवली, की वर्षभर पुरतात. वाळलेल्या फुलाचा निम्म्याहून अधिक भाग साखर असतो. त्यामुळे ते आधी अन्न आहे : भाजून, शिजवून, पिठात कालवून खाल्ले जाते, गुरांना घातले जाते, दुष्काळात तर त्यानेच माणसे तगवली. बियांचे तेल निघते. गोंडांच्या लग्नाच्या मांडवात मोह असतो आणि देवाला धार पडते तीही मोहाच्या दारूचीच. सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास जमणाऱ्या हजारो गोंड भाविकांच्या दृष्टीने हे झाड दैवतांच्या गोतावळ्यातले आहे.

दारू गाळण्याची रीत साधी. फुले पाण्यात काही दिवस आंबवायची, हा झाला सडवा. मग तो मडक्यात उकळायचा, वाफ नळीतून नेऊन थंड करायची. येथे एक भेद नोंदवला पाहिजे. बिअर ही आंबवलेली, सुमारे सहा टक्के मद्यार्काची. मोहाची दारू ऊर्ध्वपातित, तिच्याहून बरीच कडक. दोन्हींना एकाच मापाने मोजता येत नाही. पण या भेदाने कायद्यातला सगळा फरक समजावून सांगता येत नाही. कारण काजूच्या बोंडांपासून तशाच रीतीने गाळलेल्या गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचा वारसा ठरवले.

हंडी कोणाच्या हाती

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. इंग्रजांआधीही दारूवर कर होताच आणि दारू गाळून विकणे हा कलार समाजाचा व्यवसाय होता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ च्या चार खंडी ग्रंथात कलारांवरील प्रकरण म्हणजे मध्य प्रांतातील दारूचा छोटा सामाजिक इतिहासच आहे. तथापि घरच्या लग्नकार्यापुरते गाळणे हे जंगलातल्या गावात चालत आलेले होते.

इंग्रजी अबकारीने हे सूत्र मोडले. दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क लिलावात निघू लागला. जास्त बोली लावणारा ठेकेदार ठरू लागला. पुढे उत्पादन मोठ्या भट्ट्यांकडे नेऊन गावात फक्त दुकान ठेवण्याचे धोरण आले. १९१५ च्या मध्य प्रांत अबकारी कायद्याने परवान्याशिवाय गाळणे आणि भट्टीचे सामान बाळगणे हा गुन्हा झाला. मुंबई इलाख्यात त्याच्याही पुढे जाऊन १८९२ मध्ये ठाणे-कुलाबा भागासाठी खास मोहफुलांचा कायदा करण्यात आला होता : दारू राहो, फूल बाळगण्यावरच निर्बंध. ज्या फुलाची भाकरी होत असे, ते फूल सरकारच्या लेखी गुन्ह्याचा कच्चा माल ठरले.

म्युनिक आणि मध्य प्रांत यांतला खरा फरक येथे आहे. दारूवर दोन्ही सरकारे जगली. एकाने बनवणाऱ्याला बांधून घेतले आणि पिणाऱ्याला भावाची हमी दिली. दुसऱ्याने बनवणाऱ्याच्या हातातली हंडी काढून घेतली आणि त्यालाच दुकानाचे गिऱ्हाईक केले. म्युनिकमध्ये १८४४ साली बिअरचा भाव वाढला तेव्हा लोकांनी मद्यालये फोडली आणि राजाला भाव उतरवावा लागला. हा राजा लुडविग, १८१० च्या लग्नातला नवरदेव. आपल्याकडे लोकांनी उलट हत्यार उपसले. १९२१ च्या असहकारात नागपुरात दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग झाले. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली 'देवी'ची लाट नाशिक, डांग, सुरतच्या आदिवासींत पसरली आणि हजारोंनी दारू सोडली. डेव्हिड हार्डिमन यांनी दाखवले आहे की त्या सोडण्यात दारूवाल्या सावकाराच्या पाशातून सुटण्याची धडपड होती.

एका जंगलात चार कायदे

स्वातंत्र्यानंतर हंडी परत मिळाली नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुलांसाठी स्वतंत्र तरतुदी आल्या. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये हा कायदाही तेथे लागू झाला. आज गोंदियाच्या नकाशावर बोट ठेवले तर चमत्कारिक दृश्य दिसते. उत्तरेला बालाघाट, म्हणजे मध्य प्रदेश. तेथे अनुसूचित जमातींच्या कुटुंबांना घरगुती वापरापुरती ठरावीक दारू गाळण्याची सूट आहे आणि २०२१ मध्ये तर सरकारने मोहाची दारू 'हेरिटेज मद्य' म्हणून विकण्याचे जाहीर केले. पूर्वेला छत्तीसगड, तेथेही आदिवासींना अशीच सूट. दक्षिणेला गडचिरोली, तेथे १९९३ पासून संपूर्ण दारूबंदी. मध्ये गोंदिया : परवान्याची विदेशी आणि देशी दुकाने खुली, मोहाची हंडी मात्र बेकायदा. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि नेणे यांवरचे निर्बंध सैल केले, फुलाची सुटका झाली. सडवा होता तेथेच राहिला. झाड तेच, जंगल तेच, फूल गोळा करणारी बाई बहुधा नात्यातलीच. सीमा ओलांडली की वारसा, सूट, बंदी किंवा गुन्हा.

दुसरी बाजू

एवढे वाचून मोहाची दारू सर्वत्र खुली करावी असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो घाईचा ठरेल. गडचिरोलीची दारूबंदी वरून लादलेली नव्हती. राणी आणि अभय बंग व इतर कार्यकर्त्यांच्या साथीने तेथील गावांनी, विशेषतः बायांनी, ती अनेक वर्षे झगडून मिळवली. महाराष्ट्रात गावोगाव बायकांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली, ती नवऱ्याचा मार आणि रिकामा डबा सोसूनच. अंगणात सणापुरती गाळलेली दारू आणि रोज विकण्यासाठी जंगलात ड्रम भरून लावलेला सडवा यांतही जमीन-अस्मानाचे अंतर आहे; दुसरा हा ठेकेदारीचाच चोरटा अवतार आहे. म्युनिकच्या मंडपांबाहेरही गवतावर शुद्ध हरपलेली माणसे पडलेली असतात. उत्सवाच्या झगमगाटाने तिथली दारू निरुपद्रवी होत नाही.

मात्र म्युनिकमध्ये नियम कोणी आणि कोणासाठी केले, हे स्पष्ट दिसते. वीझनवर शहराच्या हद्दीत बनलेलीच बिअर विकता येते. 'म्युनिकची बिअर' या नावाला युरोपात भौगोलिक संरक्षण आहे. म्हणजे २०२४ मध्ये एका मगाला १३.६० ते १५.३० युरो मोजणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याचा पैसा त्या शहराच्या भट्ट्यांकडे जातो. आपल्याकडे 'हेरिटेज' हा शब्द आता आला आहे. बाटलीवर गोंडी चित्र छापले जाईल, विमानतळावर ती महाग विकलीही जाईल. पण पहाटे फुले वेचणाऱ्या बाईला फुलाचा भाव मिळेल की बाटलीतला वाटा, आणि तिने 'आमच्या गावात नको' म्हटले तर ते ऐकले जाईल की नाही, हे ठरल्याशिवाय तो वारसा तिचा होणार नाही. लिलावाच्या काळात हे दोन्ही हक्क तिच्याकडून गेले : बनवण्याचा आणि नाकारण्याचा. ते परत करायचे तर दोन्ही एकत्रच करावे लागतील.

म्युनिकहून आलेले छायाचित्र पाहताना आजीने नातवाला विचारावे, 'एवढी दारू, आणि पोलीस काय करतात?' त्याचे उत्तर सोपे आहे : ते गर्दी सांभाळतात. तिचा पुढचा प्रश्न अवघड असेल, आणि तो जर्मनीविषयी नसेल.