बाकावर बसलेला अध्यक्ष

समोरच्या भिंतीवर चंद्र काढलेत. एक नाही, पुष्कळ. बारीक कोर, जाड कोर, टोकं वर वळलेली, टोकं एका अंगाला झुकलेली. काही भिंतीवर, काही फळीवर. तुम्ही रब्बान गमलिएलच्या माडीवर उभे आहात, दोन साक्षीदारांच्या मागे. त्यांच्यासोबत वाट तुडवत आलात म्हणून तुम्हालाही वर येऊ दिलंय. त्या दोघांना महिन्याची नवी कोर दिसली आहे आणि पाठशाळेचा अध्यक्ष गमलिएल एकेका आकृतीवर बोट ठेवून त्यांची उलटतपासणी घेतोय.

गाव यावने, यहूदियाच्या किनारपट्टीवरचं. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं, त्याला आता दोनेक दशकं होऊन गेलीत. बळी थांबले, वेदी गेली. उरली ती या गावातली पाठशाळा, आणि महिना कधी सुरू झाला हे ठरवायचा तिचा अधिकार. तो किती मोठा, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या आल्या तर ज्याची त्याने धरावी आणि शेजाऱ्याला फराळ करताना बघून गप्प बसावं. इथे ते चालणार नाही. देश गेलेल्या लोकांनी योम किप्पूरचा उपास दोन वेगवेगळ्या दिवशी केला, तर एक लोक म्हणून त्यांच्याकडे उरलं काय?

साक्षीदार सांगतात, कोर वेळेवर दिसली. पण दुसऱ्या रात्री, म्हणजे ती अधिक ठळक दिसायला हवी तेव्हा, दिसली नाही. गमलिएल साक्ष मान्य करतो. म्हातारा दोसा बेन हर्किनास साक्षीदारांना सरळ खोटं ठरवतो: काल बाळंत झालेल्या बाईचं पोट आज पुन्हा पुढे आलेलं दिसेल का, असा त्याचा सवाल. रब्बी यहोशुआ बेन हनन्यालाही दोसाचं पटतं. तिथून प्रकरण चिघळतं. यहोशुआच्या हिशेबाने ज्या दिवशी योम किप्पूर येतो, नेमक्या त्या दिवशी त्याने काठी आणि पैशांची पिशवी घेऊन आपल्यापुढे हजर व्हावं, असं फर्मान गमलिएल काढतो. म्हणजे आयुष्यभर जो दिवस सगळ्यांत पवित्र मानला, तो सगळ्यांदेखत मोडायचा.

यहोशुआ पार खचतो. रब्बी अकिवा त्याला समजावतो की पंचांग ठरवणं माणसांवर सोपवलंय, त्यांनी ठरवलं की ते ठरलं. मग दोसाकडे जाऊन यहोशुआ पुन्हा विचारतो, कारण आक्षेप मुळात त्याचाच. दोसाचं म्हणणं, आज या न्यायसभेचा निवाडा उकरून काढायचा तर मोशेपासूनच्या प्रत्येक न्यायसभेचा काढावा लागेल. ठरलेल्या दिवशी तुम्हाला यावनेच्या रस्त्यावर यहोशुआ दिसतो. हातात काठी आणि पैशांची पिशवी. गमलिएल उठून पुढे येतो, त्याच्या मस्तकाचं चुंबन घेतो आणि त्याला एकाच दमात आपला गुरू आणि आपला शिष्य म्हणतो.

नम्रतेचा धडा म्हणून ही कथा हमखास सांगितली जाते, आणि नम्र कोण तर अर्थातच यहोशुआ. मला ते तितकंसं पटत नाही. आपलं खरं आहे हे त्याला त्या दिवशीही ठाऊक आहे. मान तुकवली ती सभेसाठी, स्वतःला क्षुद्र समजून नव्हे. हे मोठं आहेच. पण या गोष्टीचा पुढचा भाग जास्त अडचणीचा आहे आणि त्यासाठी तुम्हाला वर्षभर पुढे यावं लागेल.

आता तुम्ही पाठशाळेच्या दाराबाहेर आहात. आत सोडत नाहीत. गमलिएलने द्वारपाल ठेवलाय: ज्याचं आत एक, बाहेर एक, त्याला प्रवेश नाही. तुमचं आत काय आहे हे त्या द्वारपालाला कसं कळणार, हा प्रश्न तुमच्या मनात येतो. तिथे मात्र कुणी विचारत नाही. त्याच्या खांद्यावरून जेवढं दिसेल तेवढं बघा.

प्रश्न क्षुल्लक वाटावा असा. रात्रीची प्रार्थना बंधनकारक की ऐच्छिक? एका तरुण शिष्याने यहोशुआला खाजगीत विचारलं, तो ऐच्छिक म्हणाला. मग गमलिएलला विचारलं, तो बंधनकारक म्हणाला. पोराने लगेच सांगून टाकलं की यहोशुआचं मत वेगळं आहे. (हा पोरगा पुढचा थोर विद्वान शिमोन बार योहाई, असं तालमूद हा यहुदी धर्मग्रंथ सांगतो; चुगली करणारा नेहमी मामुलीच असतो असं नाही.) गमलिएल सभा भरेपर्यंत थांबतो, प्रश्न पुन्हा विचारायला लावतो, आपलं उत्तर देतो आणि विचारतो, कुणाचा मतभेद आहे का?

यहोशुआ म्हणतो, नाही.

पुन्हा ऐकायची गरज नाही, तुम्हाला बरोबर ऐकू आलंय. ही नम्रता नव्हे, ही सुटका करून घेणं आहे. मोठ्या माणसापुढे वाद नको म्हणून आपण कचेरीत, घरात, सभेत जे करतो आणि वर त्याला विनय म्हणतो, तेच. यहुदी परंपरेला या दोहोंतला फरक चांगला ठाऊक आहे. मंदिर का जळलं याची जी कथा पुढे सांगितली जाऊ लागली, तिच्यात जखऱ्या बेन अवकोलास नावाचा एक विद्वान येतो. रोमन बादशहाच्या नावाने आलेल्या बळीच्या जनावरात मुद्दाम खोट करून ठेवलेली. तो अर्पण करावा तर लोक काय म्हणतील, तो घेऊन आलेल्याने कागाळी करू नये म्हणून त्याला मारावं तर लोक काय म्हणतील, असं करत त्याने काहीच होऊ दिलं नाही. त्याच्या त्या नम्रतेनेच मंदिर जाळलं, असा शेरा तालमूदने नोंदवून ठेवलाय. शब्द नम्रताच वापरलाय. एवढा कडवट उपहास मी फार कमी धर्मग्रंथांत पाहिला आहे.

इकडे पाठशाळेत गमलिएल यहोशुआला उभं करतो. साक्षीदार समोर आहे, मग नाही कसं? यहोशुआ कबूल करतो की जिवंत माणसाला खोटं पाडता येत नाही. यानंतर त्याला बसायला सांगणं साहजिक होतं. गमलिएल सांगत नाही. प्रवचन सुरू करतो. तो बसून बोलतोय आणि यहोशुआ उभाच. वय झालेला माणूस. मंदिर असताना तिथे लेवी म्हणून सेवा केलेला. वेढ्यातल्या यरुशलेममधून गुरू योहानान बेन जक्काईला तिरडीवर घालून बाहेर काढणाऱ्यांतला एक. ही पाठशाळा ज्यांच्यामुळे उभी राहिली त्यांच्यापैकी हा, आणि तिच्यातच पाय अवघडेपर्यंत उभा.

कुजबुज वाढत जाते. गमलिएलचं बोलणं मोठ्या आवाजात सभेला ऐकवणारा हुत्स्पित नावाचा माणूस आहे. लोक त्याच्यावर ओरडतात, थांब. तो थांबतो. आवाज बंद, म्हणजे अध्यक्षपद बंद. त्याच दिवशी गमलिएलला खाली उतरवतात. यहोशुआ वादातलाच पक्ष, म्हणून त्याला बसवता येत नाही. निवड होते एलाजार बेन अजर्याची: विद्वान, श्रीमंत, एज्राच्या वंशातला. वय अठरा. तो घरी जाऊन बायकोला विचारतो. ती दोन शंका काढते: उद्या तुम्हालाही उतरवतील, आणि तुमची दाढी काळीभोर आहे, ऐकेल कोण? पहिलीला तो उत्तर देतो. दुसरीसाठी दाढीच्या अठरा ओळी रातोरात पांढऱ्या होतात, असं तालमूद सांगतो. बायकोचं म्हणणं मनावर घेतलं गेलं खरं.

द्वारपालाची सुट्टी झालेली आहे. जा आत.

आत बाक वाढवताहेत. चारशे वाढवले म्हणतात, सातशेही म्हणतात. आकड्यावर वाद घालणारेही तिथे आहेतच. लाकूड ओढल्याचा आवाज, धूळ, बाहेर ताटकळलेल्या पोरांची झुंबड. त्या दिवशी एकही अडलेला प्रश्न सुटल्यावाचून राहिला नाही, अशी ख्याती आहे. जागा शोधत तुम्ही टेकता, शेजारी बघता, तर गमलिएल.

इथे मला थांबावंसं वाटतं. एवढी नाचक्की झाल्यावर माणूस काय करतो? आजारी पडतो. गावी जातो. आपले चार लोक जमवून दुसरी पाठशाळा काढतो. हा तर हिल्लेलच्या घराण्यातला, त्याला जमलंही असतं. हा एका तासासाठीसुद्धा हललेला नाही. त्याची आतली तडफड तुम्हाला जाणवते: आपण दार बंद ठेवून किती जणांना विद्येपासून अडवलं, हे त्याला हे बाक मोजून दाखवताहेत.

एवढ्यात यहूदा नावाचा अम्मोनी माणूस उठतो. तो यहुदी धर्मात आलाय. समाजात सामावून लग्न करता येईल का, एवढं त्याला हवंय. गमलिएल बाकावरून बोलतो: नाही, अम्मोनीला शास्त्राने मज्जाव केलाय. यहोशुआ म्हणतो, येईल. अश्शूरच्या सनहेरीबाने सगळे देश ढवळून माणसं इकडची तिकडे केली. आज अम्मोनी म्हणवणारा खरंच अम्मोनी कशावरून? गमलिएल दुसरं वचन काढतो. यहोशुआ त्याला तसंच दुसरं वचन दाखवतो. निर्णय यहूदाच्या बाजूने.

गमलिएल सगळ्यांदेखत हरलाय, सलग दुसऱ्यांदा, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला नाही. चूक वाटलं ते बोलला, पडला ते मानलं. या परंपरेत नम्रता म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हा बाक दाखवीन. आपण काही नाही असं त्यात नाही. आपल्या वाट्याची जागा आहे, तेवढीच आहे, आणि ती सोडायची नाही.

मग तो यहोशुआच्या घरी निघतो. तुम्हीही चला. दार वाकून ओलांडावं लागतं. आत डोळे सरावायला वेळ लागतो, कारण भिंती काळ्या आहेत. बोट टेकवलं तर काजळी येते. गमलिएलच्या तोंडून निघून जातं की भिंती बघून तुम्ही कोळशाचं काम करता असं दिसतं. माफी मागायला आलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य. यहोशुआ भडकतो. विद्वान पोट कसं भरतात, कशात दिवस काढतात हे ज्याला माहीत नाही असा पुढारी लाभलेल्या पिढीची त्याला कीव येते. (दुसऱ्या, यरुशलेमच्या तालमूदात कोळसा नाही, तिथे यहोशुआ सुया करत बसलेला आहे.)

इतकी वर्षं एका सभेत बसून समोरच्याचे हात काळे का, हे गमलिएलला कधी दिसलं नव्हतं.

तो क्षमा मागतो. यहोशुआ लक्ष देत नाही. आता माझ्या वडिलांच्या मानाखातर तरी, असं तो म्हणतो तेव्हा कुठे यहोशुआ विरघळतो. सहज मिळालेली क्षमा नाही ही, आणि ते लपवलेलंही नाही. नंतर पाठशाळेत समेटाचा निरोप कोण नेणार, असा प्रश्न येतो. एक धोबी जातो. अकिवा दारं लावून घ्यायला सांगतो, गमलिएलचे नोकर दंगा करतील म्हणून. शेवटी यहोशुआच जातो, ज्याने वर्षभर अपमान केला त्याचीच रदबदली करायला. तोड निघते: तीन आठवडे गमलिएलने प्रवचन करायचं, एक आठवडा एलाजारने. बसवलेल्याला उतरवायचं नाही म्हणून.

आता काही वर्षं पुढे, पेकिईनला. यहोशुआ थकलाय, यावनेला जाणं होत नाही. दोन शिष्य भेटीला आलेत, योहानान बेन बेरोका आणि एलाजार हिस्मा. आज पाठशाळेत नवं काय निघालं, तो विचारतो. ते संकोचतात, आम्ही तुमचे विद्यार्थी, तुम्हाला काय सांगणार? तो ऐकत नाही. नवं काही निघालं नाही अशी पाठशाळाच नसते. कुणाचा आठवडा होता? एलाजार बेन अजर्याचा, ते म्हणतात, आणि ऐकलेलं सांगतात. सगळं ऐकून म्हातारा सांगतो की एलाजार असेतो ही पिढी पोरकी नाही. ज्याच्या दाढीला घाईघाईने पिकावं लागलं होतं, त्या पोराबद्दल.